बंदर नसलेले दापोली तालुक्याचे मुख्य गाव कसे झाले?

प्रश्न : किनारपट्टी

माझे आजोळ दापोली तालुक्यात, मुरूड-कर्द्याच्या पट्ट्यात आहे. दर मे महिन्यात मुंबईहून खेडपर्यंत आणि तिथून एस.टी.ने दापोलीला उतरून आम्ही पुढे समुद्राकडे जात असू. त्या वयापासून मनात असलेला एक प्रश्न येथील जाणकारांपुढे ठेवत आहे.

कोकणातली जुनी गावे बहुधा खाडीच्या मुखाशी, बंदराच्या आश्रयाने किंवा पाण्याच्या काठी वसलेली आढळतात. आमच्या तालुक्यातही दाभोळ, हर्णै, आंजर्ले आणि केळशी ही तशीच गावे असून प्रत्येकाला खाडी किंवा बंदर आहे आणि प्रत्येकाचा इतिहास जुना आहे. दापोली मात्र समुद्रापासून सात-आठ किलोमीटर आत, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, वाऱ्यावर उघडी पडलेली आहे. तिला ना खाडी, ना मोठी नदी, ना घाटाच्या तोंडाशी असण्याचा फायदा. रेल्वेही तिच्या वाट्याला आली नाही. तरीही कचेरी, बाजारपेठ, शाळा आणि कृषी विद्यापीठ हे सगळे तिथेच आहे, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला सातबाऱ्याच्या उताऱ्यापासून खताच्या गोणीपर्यंत प्रत्येक कामासाठी चढण चढून तिथेच जावे लागते.

‘इंग्रजांना हवा आवडली म्हणून’ हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे, पण तेवढ्याने माझे समाधान होत नाही. हवा चांगली असलेले सडे कोकणात पुष्कळ आहेत. हे गाव नेमके याच जागी का वाढले आणि भोवतालच्या शेतीशी त्याचा संबंध कसा जुळला, हे जमीन आणि इतिहास या दोन्ही अंगांनी कोणी समजावून सांगू शकेल का?

उत्तर : जुनी कागदपत्रे

आपला प्रश्न योग्य आहे. मात्र त्याचे उत्तर शोधताना आधी दाभोळ आणि हर्णै ही गावे कशावर जगत होती ते पाहावे लागेल, कारण ती ज्या आधारावर मोठी झाली तो आधार आजच्या दापोली तालुक्याच्या शेतीत नव्हता.

दाभोळ वाशिष्ठीच्या मुखावर आहे. बहमनी काळात पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांत त्याची गणना होत असे. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरून बीदरपर्यंत गेला आणि काही वर्षांनी, इ. स. १४७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, दाभोळहूनच गलबतात बसून परतीला लागला. अरबस्तानातून येणाऱ्या घोड्यांचा व्यापार तिथे चाले. पण हा माल जात होता कुठे? वाशिष्ठीतून चिपळूणपर्यंत आणि तिथून कुंभार्ली घाटाने वर देशावर. म्हणजे दाभोळची पाठ ज्या प्रदेशाला टेकलेली होती तो कऱ्हाडकडचा होता. बंदर आपल्या तालुक्यात असले तरी त्याचा व्यापार तालुक्याला बाजूने स्पर्श करून निघून जात असे. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने दाभोळ लुटून जाळले, १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेले, आणि त्यानंतरच्या काळात या बंदराचे जुने तेज टिकले नाही. गलबते मोठी होत गेली तसा खाडीतल्या गाळाचा अडथळाही वाढत गेला.

हर्णैचे महत्त्व वेगळ्या प्रकारचे होते. समोरच्या बेटावरचा सुवर्णदुर्ग आणि किनाऱ्यावरचे गोवा नावाचा किल्ला, कनकदुर्ग व फत्तेगड मिळून तिथे एक आरमारी ठाणे तयार झाले होते, आणि आंग्र्यांच्या उदयाशी त्याचे नाव जोडलेले आहे. एप्रिल १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, तो पुढे पेशव्यांकडे आला. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांपुढून निघालेल्या दुसऱ्या बाजीरावाने काही काळ याच किल्ल्याचा आश्रय घेतला आणि तिथून तो वसईला गेला. एवढ्या घडामोडी पाहिलेल्या या जागेचे महत्त्व १८१८ नंतर झपाट्याने ओसरले, कारण मराठ्यांची सत्ता संपली आणि पाण्यातल्या किल्ल्याला राखण करण्यासारखे काही उरले नाही.

दापोलीचा उदय येथून होतो. १८१८ मध्ये दक्षिण कोकण कंपनी सरकारच्या ताब्यात आल्यावर मुलकी कारभार प्रथम बाणकोटहून चालत असे, आणि तो १८२२ मध्ये रत्नागिरीला गेला. लष्कराची छावणी मात्र दापोलीच्या सड्यावर पडली. यात हवेचा भाग नक्कीच आहे, पण आपण म्हणता तसे तेवढेच कारण नाही. नकाशावर बाणकोट, हर्णै आणि दाभोळ या तीन जागांवर बोट ठेवून पाहावे. दापोली त्यांच्या आतल्या अंगाला अशा ठिकाणी आहे की तिन्हींकडे एका दिवसाच्या मजलेत पोहोचता येते. शिवाय पलटणीला कवायतीसाठी सपाटी लागते. कोकणात सपाट जमीन दोनच ठिकाणी सापडते : खालच्या मळ्यांत, जिथे भात पिकते आणि चार महिने चिखल असतो, किंवा वर सड्यावर. सरकारने वरची जागा घेतली. गावाच्या मध्यभागी असलेले आझाद मैदान आणि जुन्या चर्चचे अवशेष पाहिले, तर हे गाव पाखाड्यांचे नसून छावणीच्या आखणीचे आहे हे चटकन लक्षात येते. जुनी माणसे अजूनही ‘काप दापोली’ म्हणतात. त्यातले ‘काप’ म्हणजे कॅम्प.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लष्कर गेले, पण छावणीच्या आधाराने आलेली वस्ती गेली नाही, आणि माझ्या मते दापोलीच्या इतिहासातला हाच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. निवृत्तिवेतन घेणारे शिपाई, विशेषतः महार पलटणीतले, येथे स्थायिक झाले. लष्करातून १८८६ मध्ये निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीत राहिले आणि येथूनच त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखन केले. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ आपल्या कुटुंबासह येथे होते, त्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणाचा एक छोटा तुकडा दापोलीचा आहे. त्यांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात आहे.

दुसरी गोष्ट इंग्रजी शाळेची. पालगडचे साने गुरुजी आणि पुढे धर्मशास्त्राचे महान अभ्यासक झालेले पां. वा. काणे हे दोघेही दापोलीत शिकले. या शाळेचे महत्त्व केवढे होते ते समजण्यासाठी मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांची आठवण पुरेशी आहे. परीक्षेला बसण्यासाठी ते मुरूडहून कुंभार्ली घाटाने पायी साताऱ्याला गेले होते, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. ज्या तालुक्यातल्या मुलाला परीक्षेसाठी घाट चढून जावे लागे, तिथे माध्यमिक शाळा असलेले गाव आपोआपच भोवतालच्या गावांचे केंद्र होणार. या तालुक्याचे नावही पूर्वी सुवर्णदुर्ग असे होते. ते बदलून दापोली झाले, यात किनाऱ्याकडून सड्याकडे झालेले सगळे स्थित्यंतर आले.

उत्तर : कातळ आणि माती

वरील उत्तरातला एक धागा मी पुढे नेतो. सपाट जमीन मळ्यात किंवा सड्यावरच मिळते, हे विधान दापोलीची शेती समजून घेण्याची किल्ली आहे. कोकणातला शेतकरी भाताच्या मळ्यात सहसा घर बांधत नाही; घर उतारावर किंवा पिकाला निरुपयोगी अशा जागी असते, कारण मळ्याची एकेक गुंठा जमीन मोलाची असते. दापोली गाव याच नियमाचे मोठे उदाहरण आहे. जिथे नांगर चालत नाही तिथे ते वसले, आणि ज्या जमिनीवर लोक पोट भरतात ती जमीन गावाच्या चहूबाजूंनी खाली उतरत गेली आहे.

दापोलीचा सडा सुमारे २४० मीटर उंचीवर आहे. वरचा थर जांभ्याचा आहे. जांभा हा वेगळा लाव्हा नाही. मुळातला काळा बेसॉल्टच उष्ण आणि भरपूर पावसाच्या हवेत दीर्घकाळ झिजत, कुजत गेला, त्यातली सिलिका आणि चुन्यासारखी द्रव्ये धुऊन गेली, आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहून हा तांबडा, सच्छिद्र दगड तयार झाला. खाणीतून काढताना तो मऊ असल्यामुळे त्याचे चिरे पाडता येतात आणि हवा लागल्यावर तो टणक होतो, म्हणून आपली घरे, गडगे आणि विहिरी त्याच्याच आहेत.

या दगडामुळेच तालुक्यात एक विलक्षण विरोधाभास दिसतो. येथे वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण एप्रिल-मेमध्ये सड्यावरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पाणी जांभ्यातून झिरपून खाली जाते, जांभा आणि बेसॉल्ट यांच्या मधल्या चिकण मातीच्या थराला अडते आणि सड्याच्या कडेला, उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून पाऊस सड्यावर पडतो, पण त्याचे पाणी उन्हाळ्यात दरीत मिळते. आसूदच्या केशवराज मंदिरापाशी गोमुखातून बारमाही वाहणारे पाणी ज्यांनी पाहिले असेल, त्यांनी ही रचना प्रत्यक्ष पाहिली आहे. देवळाकडे जाताना लागणाऱ्या पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या, बागा अशाच झऱ्यांचे पाणी पाटाने खेळवून उभ्या राहिल्या आहेत.

या पाण्याच्या वाटेवरच तालुक्याच्या शेतीचे पट्टे पडतात. सर्वांत खाली, समुद्रालगत पुळणीच्या (वाळूच्या पट्ट्याच्या) मागे, आगरे आहेत : माड, पोफळी, त्यांवर चढवलेली मिरवेल आणि सावलीत जायफळ. त्याच्या वर ओढ्यांच्या, आपल्या भाषेत पऱ्ह्यांच्या, काठाने भाताची खाचरे आणि मळे आहेत. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर तिथे कुळीथ, पावटा, कडवे घेतात. त्याच्याही वर उताराची वरकस जमीन, जिच्यावर नाचणी आणि वरी काही वर्षे आलटून पालटून होत असे आणि मग ती विश्रांतीला सोडली जात असे. खाचरातल्या रोपासाठी राब भाजायचा, म्हणजे रोपाची जागा पालापाचोळा जाळून भाजून घ्यायची, तर कवळ (तोडलेल्या डहाळ्या) आणि पाला याच वरकसातून आणि सड्याच्या कडेवरून येई. त्यामुळे सडा नापीक असला तरी बिनकामाचा कधीच नव्हता. तो खाचराला खत, गुरांना चराई आणि झऱ्याला पाणी पुरवत होता. हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण हल्ली सड्याची जमीन ‘पडीक’ म्हणून विकली जाते आणि तिच्यावर खोदकाम झाले की खालच्या वाडीचा झरा का आटला हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता विद्यापीठाबद्दल. दापोलीत कृषी महाविद्यालय १९६५ मध्ये सुरू झाले आणि १८ मे १९७२ रोजी कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २००१ पासून ते डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या वेंगुर्ले केंद्रातून नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही आंब्याची जात १९८१ मध्ये आली, आणि रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून पातळ कोयीचा ‘सिंधू’ १९९२ मध्ये. काजूच्या ‘वेंगुर्ला-४’ आणि ‘वेंगुर्ला-७’ या जाती आज आपल्या बहुतेक नव्या बागांत दिसतात. पण जाती असून भागत नाही, त्या लावायला शेतकऱ्याकडे भांडवल लागते. १९९० मध्ये राज्य शासनाने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली आणि तेव्हा वरकस उतारांवर नाचणीच्या जागी आंबा-काजूची कलमे चढली. दापोलीच्या डोंगरांचा आजचा हिरवा रंग बराचसा त्या योजनेनंतरचा आहे. छावणीने हे गाव वसवले, पण त्याला शेतीचे गाव केले ते विद्यापीठाने, असे माझे मत आहे.

किनारपट्टी

आपणा दोघांचाही मी मनापासून आभारी आहे. दाभोळचा व्यापार तालुक्याला बाजूने स्पर्श करून जात होता, हा मुद्दा माझ्यासाठी पूर्णपणे नवीन होता. एक शंका मात्र राहते. आजोळच्या सातबाऱ्यावर सतरा नावे आहेत आणि जमीन मात्र वीस गुंठेसुद्धा नाही. शेजारच्या घरांचीही हीच अवस्था आहे. एवढे तुकडे केवळ वाटण्यांमुळे पडले, की जमिनीच्या मालकीचा जुना प्रकारच वेगळा होता?

उत्तर : जुनी कागदपत्रे

दोन्ही कारणे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात, आणि त्यात दापोली तालुका आलाच, बहुसंख्य गावे खोती होती. देशावर रयतवारीत शेतकरी सरकारला थेट सारा भरत असे. येथे गावचा खोत सरकारात सारा भरून कुळांकडून धान्याच्या रूपाने वसुली करीत असे. भाताचा निम्मा भाग खोताला देणारे ते अर्धेल आणि वरकसाच्या पिकाचा तिसरा हिस्सा देणारे ते तिर्धेल, हे शब्द जुन्या दस्तांत वारंवार येतात. १८८० च्या खोती कायद्याने खोत आणि कूळ यांचे हक्क लिहून ठेवले, पण कुळाचे ओझे त्यामुळे उतरले नाही. निम्मे भात दिल्यावर उरलेल्यात वर्ष निघत नसे, म्हणून घरटी एक तरी माणूस मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत जाऊ लागला आणि घर मनिऑर्डरीवर चालू लागले. कोकणी माणसाच्या मुंबईच्या वाटेला मी नेहमी खोतीशी जोडून पाहतो. निव्वळ ‘जमीन नापीक’ म्हणून सोडून देणे त्या कुळांवर अन्याय करणारे आहे.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. ज्यांचे बालपण काही काळ दापोलीत गेले, ज्यांचे मूळ गाव याच परिसरातले, त्यांनी हे विधेयक मांडावे याचे मला विशेष वाटते. प्रत्यक्षात खोती संपली ती १९४९ च्या कायद्याने, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. पण तोवर प्रत्येक कुळाच्या वाट्याला आधीच लहान खाचरे होती, आणि मालक झालेली अर्धी माणसे मुंबईत होती. पुढच्या पिढ्यांत वारसांची नावे चढत गेली, प्रत्यक्ष वाटणी कोणी केली नाही. आपल्या आजोळच्या उताऱ्यावरची सतरा नावे अशी जमली असावीत.

उत्तर : आगरवाली

मी मुरूडजवळच्या गावात राहते आणि घरचे आगर सांभाळते. वरची सर्व चर्चा मी दोनदा वाचली. जुन्या इतिहासात भर घालण्याइतका माझा अभ्यास नाही, परंतु आताच्या काळातली एक तारीख या चर्चेत यायला हवी असे मला वाटते, कारण आमच्या पट्ट्याचा भूगोल त्या दिवशी बदलला.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांच्या किनाऱ्यावर त्याने केलेले नुकसान ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगून कळणार नाही. आमच्या आगरात दुपारपर्यंत उभ्या असलेल्या पोफळी संध्याकाळी एकीवर एक आडव्या होत्या, आणि घरातून रस्त्यावर यायला आम्हाला दोन दिवस कोयत्याने वाट करावी लागली. पोफळ सरळ आणि बारीक असते. एक पडली की शेजारचीला घेऊन पडते. माडांपैकी जे उभे राहिले त्यांचे शेंडे पिळवटून गेले होते, आणि त्यांतले बरेच पुढच्या पावसाळ्यात मेले. जायफळाची झाडे वाऱ्याने कमी पडली, पण वरची सावली गेल्यामुळे त्यांची पाने उन्हाने करपली. आगर म्हणजे एकमेकांच्या आधाराने उभी असलेली झाडे आहेत, हे मला तेव्हा नीट समजले.

नुकसानभरपाईचे पंचनामे झाले तेव्हा आपल्या सतरा नावांची अडचण आमच्याही घरात आली. उताऱ्यावर चुलत दिरांची, मुंबईच्या आत्यांची आणि वारलेल्या दोन सासऱ्यांची नावे होती, आणि प्रत्येकाचे संमतिपत्र गोळा करण्यात माझा तो पावसाळा गेला. त्या कामासाठी मी दापोलीला किती वेळा चढून गेले असेन याची गणती नाही. एकेका खेपेला कचेरीतले काम झाले नाही तरी मी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत जाऊन येत असे. तिथल्या लोकांनी एक सल्ला दिला तो मी पाळला : सगळे आगर एकदम पोफळीने भरू नये, आधी केळ लावून सावली करावी आणि तिच्या आडोशाने पोफळीची रोपे वाढवावीत. पाणी विहिरीचे आहे, ते पंपाने चढवून पाटाने सोडतो. सासूबाईंच्या वेळी तिथे बैलांचा रहाट होता.

पोफळीला फळ धरायला सहा ते आठ वर्षे लागतात. आपण मे महिन्यात आजोळी आलात तर आमच्या आगराकडेही जरूर या. वादळानंतर लावलेल्या रोपांपैकी पाटाच्या तोंडाशी असलेल्या तीन पोफळींना यंदा पहिली पोय, म्हणजे फुलोरा, दिसली आहे.